अबुधाबी ते डब्लिन, आठ तास

भिवराबाईला अंतर किलोमीटरमध्ये सांगून उपयोग नाही, तासात सांगावं लागतं. तिनं बावीस हंगाम ज्या कारखान्याचा ऊस तोडला तो कर्नाटकातला कारखाना आमच्या उमापूरपासून ट्रकनं अठरा तास. त्या अठरा तासांत ट्रक कुठं थांबतो, कुठं प्यायचं पाणी मिळतं, बायांना आडोसा कुठं आहे, हे तिला पाठ. मधल्या गावांची नावं मात्र तिला सांगता येत नाहीत. रस्त्यावरच्या पाट्या तिला वाचता येत नाहीत.

मी उमापूरच्या अंगणवाडीत सव्वीस वर्षं आहे. गावात सगळे मला बाईच म्हणतात. भिवराबाईचं घर अंगणवाडीच्या मागच्या अंगाला, मधे एक बाभळ. तिची एकुलती एक लेक करिष्मा माझ्याच हाताखाली पहिल्यांदा पाटी धरायला शिकली. दिवाळी झाली की भिवराबाई आणि तिचे मालक शहादेव ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघायचे, ते गुढीपाडव्याच्या आसपास परतायचे. करिष्मा शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहायची. सुट्टीच्या दिवशी माझ्याकडं जेवायला यायची.

ती सातवीत असताना तिला टायफाइड झाला. बीडला दवाखान्यात ठेवलं. कारखान्यावर निरोप जायला एक दिवस लागला आणि भिवराबाईला यायला दोन. ट्रक, जीप, एसटी, जे मिळेल ते धरत ती आली, तर दवाखान्यातली कॉट रिकामी. पोरगी आदल्या संध्याकाळीच माझ्या घरी आली होती आणि मऊ भात खात होती. भिवराबाई दारात उभी राहिली. अंगावर उसाच्या पाचटाची धूळ तशीच. करिष्मानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली. भिवराबाई आत आली. चुलीपाशी बसून तिनं माझी भांडी घासून टाकली.

ती पोरगी आता नर्स आहे. बीडला शिकली, संभाजीनगरला नोकरी केली आणि तीन वर्षांपूर्वी आयर्लंड देशात डब्लिनला गेली. जावई युवराज माजलगावचा, तोही तिच्याच दवाखान्यात रक्त तपासायच्या विभागात आहे. मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं. तेव्हाही भिवराबाई इकडंच होती. यंदा परत दिवस राहिले तेव्हा भिवराबाई म्हणाली, "ह्या येळेला मी हाय तिथं. काय बी व्हवू दे."

सिझरची तारीख संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची, गुरुवारची मिळाली. युवराजनं तिकीट काढलं. भोगीच्या दिवशी, मंगळवारी पहाटे मुंबईहून विमान, अबुधाबीला बदलायचं आणि त्याच दुपारी डब्लिन. मधे एक पूर्ण दिवस हाताशी राहत होता.

कागदपत्रं मीच करून दिली, म्हणून तिच्या सगळ्या शंका माझ्याकडं. संध्याकाळी अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसायची.

"बाई, परत एकदा सांगा. किती तास?"

"मुंबई ते अबुधाबी सव्वातीन. तिथं उतरायचं, दुसऱ्या विमानात बसायचं. अबुधाबी ते डब्लिन आठ."

"आठच? कारखान्याच्या निम्मं बी न्हाई की मंग."

शहादेव बाभळीखाली सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "मंग चालतच जा की. आठ तास काय."

"तुमी गप बसा. तुमाला बीडला जायचं तर उलटीची गोळी लागती."

मी तिला किलोमीटर सांगितलेच नाहीत. मोबाइलवर मी अबुधाबी ते डब्लिन शोधलं होतं. पाच हजार नऊशे असा काहीतरी आकडा आला. एका निळ्या रेषेनं समुद्र, वाळवंट, डोंगर, परत समुद्र असं सगळं ओलांडलं होतं. मी ते बंद केलं. म्हटलं, हिला आठ तासच राहू देत.

आता जे घडलं त्यात माझा वाटा किती, ते सांगते. लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

जायच्या चार दिवस आधी करिष्माचा व्हिडिओ कॉल आला. "आई, नीट ऐक. विमानतळावर तुझ्यासाठी चाकाची खुर्ची सांगितली आहे. त्या खुर्चीतच बसायचं. अबुधाबीला उतरलीस की दारातच खुर्चीवाला उभा असेल. तो नेईल तिकडं जायचं."

"मला काय झालंय खुर्चीत बसाय? मी लंगडी हाय का?"

करिष्मानं पडद्यावरून माझ्याकडं बघितलं. तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं. तिथल्या पाट्या, नंबर, दारं ह्यातलं काही आईला वाचता येणार नाही. खुर्ची पायांसाठी नव्हतीच. वाट दाखवणारं माणूस फुकट मिळावं म्हणून ती खुर्ची होती. पण लेकीच्या तोंडून ते आईपुढं निघेना. माझ्याही निघेना. इतकी वर्षं ती माझ्याकडं कागद घेऊन येते, "चष्मा घरी राहिला" म्हणते आणि मी वाचून दाखवते. तिला चष्मा नाही हे मला माहीत आहे. मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. पण ते आम्ही कधी बोललो नाही.

मी म्हटलं, "अहो, लांबलचक चालावं लागतं तिथं. पाय दुखतील म्हणून खुर्ची."

"पाय?" भिवराबाई हसायला लागली. "डोक्यावर मोळी घिऊन फळीवरून ट्रकात चढत व्हते मी. तवा न्हाई दुखले, आन आता गुळगुळीत फरशीवर दुखत्यात व्हय?"

आम्ही सगळेच हसलो. विषय तिथंच राहिला.

सोमवारी गावच्या गाडीनं शहादेव तिला मुंबईला सोडायला गेले. पिशवीत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी. मी तिच्या ब्लाउजच्या आतल्या खिशात चिठ्ठी घातली. इंग्रजीत नाव, करिष्माचा नंबर, डब्लिनचा पत्ता. "कुणालाबी दाखवा," म्हटलं. ती म्हणाली, "दावते. पन तशी येळ येनार न्हाई."

मंगळवारी मी अंगणवाडीत पोरांची खिचडी शिजत टाकली होती. भोगी म्हणून घरी तीळ लावून बाजरीच्या भाकरी करून आले होते. सव्वादहाला फोन वाजला. करिष्मा. तिथं तेव्हा पहाटेचे पावणेपाच.

"बाई, आई कुठंय?"

मी खिचडी सोडून दारात आले. म्हटलं, "म्हणजे?"

"विमान कंपनीचा फोन आला. मुंबईचं विमान वेळेवर उतरलं. पण खुर्चीवाल्याला आई सापडली नाही. दुसऱ्या विमानाच्या दारावर पण ती आलेली नाही. पंचवीस मिनिटांत विमान सुटतंय बाई. तिचा फोन लागत नाही. तिथं तिचं कार्ड चालत नाही."

तिचा आवाज चढत होता. नऊ महिने भरत आलेली बाई, परवा सिझर. मी म्हटलं, "करिष्मा, आधी खाली बस. युवराजला फोन दे."

"तो दुसऱ्या फोनवर कंपनीशी बोलतोय."

मी शहादेवना लावला. ते परतीच्या एसटीत होते, पुण्याच्या अलीकडं. मागं कंडक्टरचा आवाज.

"शहादेवभाऊ, मुंबईला त्या खुर्चीत बसल्या होत्या का?"

"न्हाई वो बाई. खुर्चीवाला आलता. हिनं खुर्चीवर पिशवी ठिवली आन आपुन बाजूनं चालत गेली. काचंतून मला दिसत व्हतं. का वो? पोचली न्हाई व्हय आजून?"

मी काय सांगणार? एकटा माणूस एसटीत. म्हटलं, "पोचेल. तुम्ही या सावकाश." फोन ठेवला आणि तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. पिशवी मुंबईलाच सामानात गेली होती, ती थेट डब्लिनला मिळणार होती, हातात काही नव्हतं. दारात खुर्ची दिसली असेल. तिनं हात हलवून "नगं नगं" म्हटलं असेल. खुर्चीवाला ही नव्हे असं समजून दुसऱ्याच म्हातारीची वाट बघत उभा राहिला असेल. आणि ती पुढं गेली असेल, ज्या पाट्या तिला वाचता येत नाहीत त्यांच्याखालून.

ते मी केलं होतं. "पाय दुखतील म्हणून" असं मी म्हटलं होतं.

दहा चाळीसला विमान सुटलं. युवराजनं कळवलं. तिच्याविना सुटलं.

खिचडी खाली लागली होती. मदतनीस छबुबाईनं ती उतरवली, पोरांना वाढली. मी कोपऱ्यात बसले. नवस बोलायची मला सवय नाही, देवाशी मी देवाणघेवाण करत नाही. नुसतं वैजनाथाचं नाव घेत राहिले. पण नावाच्या मधे मधे तो विमानतळ येत होता. काचेच्या भिंती, हजारो माणसं आणि त्यात नऊवारीतली, डोक्यावर पदर घेतलेली आमची भिवराबाई. बाहेर तर गेली नसेल? कुणी भलतीकडं नेलं नसेल? पासपोर्ट कुणी मागितला असेल आणि तिनं देऊन टाकला असेल?

"असं इचार करून डोकं फुटंल तुमचं," छबुबाई म्हणाली. तीही दहा वर्षं तोडणीला जायची. "ती कुटं जानार? चुकलं माणूस आमच्यात कुटंच जात न्हाई."

"म्हणजे?"

"टोळीत पयल्या दिशी सांगत्यात की. रस्त्यात गाडी थांबली आन तुमी चुकला, तर शोधत फिरायचं न्हाई. जितं उतरला तितंच यिऊन बसायचं. गाडीवाला मोजतो, कमी भरलं की माघारी येतो. फिरणारं माणूस घावत न्हाई, बसलेलं घावतं."

मी उठलेच. करिष्माला फोन लावला. "कंपनीवाल्यांना सांग, पुढं शोधू नका. मुंबईचं विमान जिथं लागलं, ते दार बघा. ती तिथं असेल."

"बाई, तिथं कुणाला थांबू देत नाहीत."

"तू सांग तरी."

त्यानंतरचा पाऊण तास मी आयुष्यातला सगळ्यात लांब पाऊण तास म्हणेन. पोरं घरी गेली. छबुबाई भांडी घासून गेली. मी रजिस्टर उघडलं आणि एकाही पोराचं नाव मला दिसेना. फोन हातात धरून ठेवला होता, पण तो वाजला तेव्हा दचकून पाडला.

युवराज होता. "बाई, सापडल्या. त्या दाराजवळच, काचेला पाठ लावून जमिनीवर बसल्यात. पण उठत नाहीयेत. एक साफसफाईच्या बाई आहेत तिथं, हैदराबादच्या, त्यांना थोडंफार समजतंय. आता मी तुम्हाला जोडतो. तुमचंच ऐकतील."

खरखर झाली. मग एका बाईचा आवाज आला, दखनी बोलणारा, गेवराईच्या बाजारात ऐकावा तसा. "हलो मॅडम, मैं जिनत बोल रई हूं. अम्मा उठतीच नईं. बोलती, मेरी गाडी इधरच खडी है."

"त्यांना द्या फोन."

"बाई?" भिवराबाईचा आवाज. लहान झालेला. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"भिवराबाई, बऱ्या आहात ना?"

"बरी हाय. विमान हितंच उभं हाय बगा, काचंतून दिसतंय. म्या म्हणलं, ह्येला डोळ्याआड करायचं न्हाई. पुढं गेलते मी. लई गेलते. समदी दारं सारखीच. मंग माघारी आले." ती म्हणाली, "माणसं मला उठ म्हणत्यात. ही कोण माणसं हायत, चिठी कुणाला दावावी, मला कसं कळावं?"

"ती आपल्याच विमानवाल्यांची माणसं आहेत. तुमचं पुढचं विमान गेलं. दुसऱ्या विमानात जागा देतायत, उद्या सकाळी."

"उद्या? म्हंजी चुकलं माझं विमान?" आणि एकदम रडं. "पोरगी वाट बगत आसंल. परत चुकले मी. परत येळंला न्हाई पोचले. बाई, मला घरी धाडून द्या. माझ्यानं हे व्हत न्हाई."

फोनच्या तिसऱ्या टोकाला करिष्मा होती, हे मला तेव्हा समजलं. तिचा श्वास ऐकू आला. आता मला बोलायचं होतं आणि खरं बोलायचं होतं.

म्हटलं, "भिवराबाई, चूक तुमची नाही, माझी आहे. खुर्ची पायासाठी नव्हती. तिथल्या पाट्या तुम्हाला वाचता येत नाहीत म्हणून खुर्ची होती. खुर्चीवाला वाट दाखवणार होता. मी ते तोंडावर सांगितलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

मी डोळे मिटून थांबले. वाटलं, इतक्या वर्षांचं संपलं.

"आवं," ती म्हणाली. नाक ओढलं. "आदी सांगायचं की मंग. वाचता येत न्हाई ते काय गावाला ठावं न्हाई? तेवढ्यासाठनं एवढा घोळ केला तुमी!" आणि मग करड्या आवाजात, "करिष्मे, तू बी ऐकतीस न्हवं? तुला बी लाज वाटली व्हय आईची?"

करिष्मा रडत म्हणाली, "नाही गं आई."

"मंग रडू नगं. पोटातल्याला तरास हुतो. उद्या येते म्हण सगळ्यांना. ए बया, आन तुजी खुर्ची कुटं हाय ती." शेवटचं जिनतला.

ती रात्र तिथं तिनं कशी काढली ते युवराजच्या निरोपातून कळत राहिलं. कंपनीनं बसायला जागा दिली, जेवण दिलं. जिनतनं ड्यूटी संपल्यावर चहा आणून दिला.

बुधवारी संक्रांत. मी सुगडं पुजली, पण हळदीकुंकवाला कुणाकडं गेले नाही. सकाळी साडेदहानंतर विमान सुटल्याचा निरोप आला. आणि ह्या वेळी ती खुर्चीतून दारापर्यंत गेली, आत बसली, हेही. मग आठ तास.

दुपारी शहादेव आले. अंगणवाडी बंद होती, तरी पायरीवर बसले. मी मोबाइलवर ती निळी रेषा उघडून ठेवली होती. पाच हजार नऊशेतले किती झाले, ते मनात भागाकार करून बघत होते. तासाला सातशे धरलं तर आता कुठं असेल? वाळवंट संपलं असेल का? त्या रेषेवर आमची भिवराबाई काही दिसत नाही.

"बाई, वर आभाळात गाडी बिघडली तर?" शहादेव म्हणाले.

"असं बोलू नका."

"न्हाई, इचारलं." ते तिळगूळ हातात धरून बसले होते. खाल्ला नाही. "उतरल्यावर तितलं पोलीस इचारत्यात म्हणं. हिला इंग्रजी काय येतंय?"

"चिठ्ठी आहे. जावई दारात आहे."

"हां."

साडेसहानंतर विमान उतरायचं होतं. पावणेसात झाले. सात झाले. युवराजला फोन लावला, तो म्हणाला, "विमान उतरलंय बाई, माणसं बाहेर येतायत. त्या नाही अजून." दिवेलागण झाली. मी देवापुढं दिवा लावला, परत बाहेर आले. शहादेव उभे राहिले होते. साडेसात. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. पावणेआठला युवराजचा एक शब्दाचा मेसेज आला, "भेटल्या." पण मी तो शहादेवना वाचून दाखवला तरी त्यांचा विश्वास बसेना. माझाही बसला नाही. आवाज ऐकल्याशिवाय काय खरं?

नऊच्या सुमाराला फोन आला. करिष्माचा नंबर होता, पण आवाज भिवराबाईचा, खणखणीत.

"बाई, पोचले. पोरीचे पाय लई सुजलेत वो. घोट्यापातूर. काय खाती का न्हाई कुणास ठावं. घरात तूप न्हाई, काय न्हाई. पाणी गरम करायला ठिवलंय, फोन ठिवते आता."

"अहो, उद्या सिझर किती वाजता..."

फोन बंद.

शहादेव माझ्या तोंडाकडं बघत होते. "काय म्हणली?"

"पोचल्या. करिष्माचे पाय सुजलेत म्हणाल्या. तूप नाही म्हणाल्या."

"माझं काय इचारलं?"

मी आठवून बघितलं. "नाही."

शहादेवनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि पायरीवर टेकले. म्हणाले, "मंग नीट हाय ती."